पांढरं नाक, गुलाबी बाटली

आमच्या दुकानात काउंटरच्या मागे, मधल्या फळीवर, चिनी मातीचा एक खल आहे. हल्ली त्यात रबरबँड आणि सुटी नाणी असतात. अण्णा होते तोवर दर उन्हाळ्यात त्यात कॅलामाइन घोटलं जायचं. अण्णांनी कराडात हे दुकान काढलं १९५८ साली. तेव्हा तयार बाटल्यांतून थोडीच औषधं यायची, बरीचशी दुकानातच बनायची. मिक्स्चरच्या बाटलीवर कागदाची खाचा पाडलेली पट्टी डकवायची, एका खाचेला एक डोस. पुढे मी फार्मसीला गेले आणि पहिल्याच वर्षी प्रॅक्टिकलला कॅलामाइन लोशन आलं, तेव्हा सगळ्या वर्गात त्या गुलाबी रंगाची सवय असलेले हात माझ्या एकटीचेच होते.

कृती अजून तोंडपाठ आहे. शंभर मिलीला कॅलामाइन १५ ग्रॅम, झिंक ऑक्साइड ५ ग्रॅम, बेंटोनाइट ३ ग्रॅम, सोडियम सायट्रेट अर्धा ग्रॅम, फिनॉल अर्धा मिली, ग्लिसरीन ५ मिली आणि वर गुलाबपाणी. कोरड्या पावडरी आधी खलात एकजीव करायच्या, मग सायट्रेटचं पाणी थोडं थोडं घालत घोटत राहायचं. घाईने सगळं पाणी ओतलं की पिठल्यात होतात तशा गुठळ्या होतात, आणि त्या मोडता मोडत नाहीत. बाटली तासभर ठेवली की गुलाबी साका खाली बसतो, म्हणून लेबलवर ‘वापरण्यापूर्वी हलवा’. घामोळं, उन्हाने भाजलेली मान, कांजिण्यांनंतरची खाज, सगळ्यांना हीच बाटली. अण्णा म्हणायचे, “अगं, ही माती आहे. मातीवर कातडी कशाला चिडेल?”

आता माझ्या त्याच फळीखाली सनस्क्रीनच्या सोळा प्रकारच्या ट्यूबा आहेत. जेल, लोशन, स्टिक, मॅट, ‘ड्यूई’. रोज कुणीतरी येऊन विचारतं, “माझी स्किन सेन्सिटिव्ह आहे, कुठली चालेल?” उत्तर द्यायला मला अर्धं मिनिट लागतं. ते अर्धं मिनिट कुठून आलं ते सांगायचं तर दोनेकशे वर्षं मागे, खरं तर त्याच्याही मागे जावं लागतं.

सुरुवात जस्तापासून करते. कॅलामाइन म्हणजे जस्ताचं कार्बोनेट किंवा ऑक्साइड, आणि त्यात रंगापुरता लोखंडाचा गंज, म्हणजे फेरिक ऑक्साइड. आपल्याकडच्या वैद्यांना जस्ताचं हे खनिज खर्पर किंवा रसक म्हणून माहीत होतं. काष्ठौषधींच्या दुकानात कलखापरी म्हणत. धातू म्हणून जस्त वेगळं काढणं मात्र फार अवघड. भट्टीत जेवढी उष्णता लागते तेवढ्यात जस्त वितळून थांबत नाही. ९०७ अंश सेल्सिअसला त्याची वाफ होते, आणि ती हवेला लागली की पेट घेऊन पांढरी राख होते. राजस्थानात उदयपूरजवळ जावरला या अडचणीवर तोडगा निघाला. वांग्याच्या आकाराच्या मातीच्या मुशी, तोंड खाली करून भट्टीत ओळीने लावलेल्या, एका भट्टीत छत्तीस. वाफ वर जाऊ द्यायचीच नाही, खालच्या थंड भांड्यात उतरवायची. ‘रसरत्नसमुच्चय’ या ग्रंथात या मुशीचं नावच वृंताक मूषा आहे, म्हणजे वांगी-मूस. युरोपात ब्रिस्टलच्या विल्यम चॅम्पियनने अशाच उलट्या तऱ्हेच्या भट्टीचं पेटंट घेतलं ते १७३८ साली. जावरला त्याच्या कित्येक शतकं आधी हा कारखाना धडधडत होता. त्या वापरून झालेल्या मुशी इतक्या साठल्या की लोकांनी घरांच्या भिंतीत विटांसारख्या चिणल्या.

आता गंमत बघा. जावरचे कारागीर ज्या पांढऱ्या राखेपासून जस्त वाचवायची एवढी खटपट करत, ती राख म्हणजेच झिंक ऑक्साइड. आज आपण जी ट्यूब पाचशे-सातशे रुपयांना घेतो तिच्यात मुद्दाम भरलेली असते ती हीच.

पण उन्हासाठी हे लावावं, असं कुणाला फार काळ सुचलं नाही, कारण उन्हात नेमकं काय चटके देतं हेच ठाऊक नव्हतं. सगळ्यांचा समज असा की भाजते ती उष्णता. १८२० साली लंडनमध्ये एव्हरार्ड होम नावाच्या सर्जनने स्वतःच्या हातांवर प्रयोग केला. एक हात उन्हात उघडा ठेवला, दुसऱ्यावर काळं कापड घातलं. काळ्या कापडाखाली थर्मामीटर जास्त तापला, पण फोड आले ते उघड्या हाताला. हे कोडं सुटायला आणखी सत्तर वर्षं गेली. अतिनील किरण योहान रिटरने १८०१ सालीच शोधले होते. त्यांनीच कातडी लाल होते हे स्वीडनच्या एरिक विडमार्कने १८८९ साली दाखवलं. दोनच वर्षांत जर्मनीतल्या हॅमर नावाच्या डॉक्टरने उन्हाला आडवं घालायला क्विनीन लावून पाहिलं. हो, हिवतापाचं तेच कडू क्विनीन. त्यानंतर घोडचेस्टनटच्या झाडातून निघणारा एस्क्युलिन आला. अमेरिकेत १९२८ साली बाजारात पहिलं सनस्क्रीन आलं, त्यात बेंझाइल सॅलिसिलेट आणि बेंझाइल सिनामेट होतं.

इथपर्यंत बरंचसं डॉक्टरांच्या हातात होतं. धंदा झाला तो फ्रान्समध्ये. १९३६ साली तिथल्या सरकारने कामगारांना वर्षाला दोन आठवड्यांची भरपगारी सुट्टी दिली आणि लोक समुद्राकडे धावले. लोरेआलच्या युजेन शुएलरने त्याच सुमाराला आंब्र सोलेर नावाचं तेल काढलं. त्याचा उद्देश उन्हापासून वाचवणं एवढाच नव्हता. भाजायचं नाही, पण रापायचं, हे त्याचं गिऱ्हाइकाला वचन होतं. आमच्याकडे येणाऱ्या बायका हे ऐकून हसतात. आपल्याकडे सनस्क्रीन खपलं ते गोरं होण्याच्या क्रीमचा हात धरून, तिथे खपलं ते सावळं होण्याच्या हौसेपायी. दोन्हीकडे कातडीला काय हवंय ते कुणी विचारलं नाही.

मग दुसरं महायुद्ध. पॅसिफिकमध्ये अमेरिकी सैनिकांना दिलं जायचं ते जनावरांच्या औषधातलं लाल व्हॅसलीन. दाट, चिकट, कपड्यांचं वाटोळं करणारं, पण काम करायचं. फ्लोरिडातल्या बेंजामिन ग्रीन नावाच्या फार्मासिस्टने १९४४ साली तेच जरा लावण्याजोगं केलं. कॉपरटोनचा उगम तिथला. स्वतःच्या टकलावर लावून त्याने ते तपासलं, असं सांगतात. फार्मासिस्ट माणूस आहे, म्हणून मला ते पटतं.

आता मी माझ्या भानगडीकडे येते. १९४३ साली पाबा या रसायनाचं पेटंट निघालं. पूर्ण नाव पॅरा-अमायनोबेंझॉइक ॲसिड. कातडीत मुरतं, घामाने सहज जात नाही, जळजळीचे किरण छान शोषतं. पन्नास ते सत्तरच्या दशकांत अमेरिकेत ते सनस्क्रीनमधला राजाच होतं. १९८४ साली माझं लग्न झालं तेव्हा आत्याच्या मुलाने तिकडून आणलेली अशी एक ट्यूब मला आहेरात दिली. गणपतीपुळ्याला मी ती ऐटीत लावली. दुसऱ्या दिवशी डोळे उघडेनात. सासूबाईंना वाटलं, दृष्ट लागली, मीठ-मोहऱ्या उतरवल्या. मला वाटलं, मासळी बाधली. नव्या पांढऱ्या ब्लाउजच्या गळ्यावर पिवळा डाग पडला होता, तोही धुण्याने गेला नाही.

मी स्वतः फार्मासिस्ट, तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडायला वीस वर्षं लागली. २००४ साली केस काळे करायला डाय लावला आणि कपाळ पुन्हा तसंच सुजलं. या वेळी त्वचेच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी पाठीवर पट्ट्या चिकटवून पॅच टेस्ट केली आणि विचारलं, “आधी कधी उन्हाचं क्रीम बाधलं होतं का?” केसांच्या डायमधलं पॅरा-फेनिलीनडायमीन, दाढ दुखताना लावायच्या जेलमधलं बेंझोकेन आणि पाबा ही एकाच घराण्यातली रसायनं. एकाशी वाकडं आलं की दुसऱ्याशीही येऊ शकतं. तिकडे पाबाच्या अशा तक्रारी इतक्या वाढल्या होत्या की ऐंशीच्या दशकात ट्यूबांवर ‘पाबा-फ्री’ हे जाहिरातीसारखं छापायला लागले. काही ट्यूबांवर मी ते शब्द पुढेही बरीच वर्षं पाहिले. आत पाबा असण्याचा प्रश्न कधीच संपला होता, तरी छापणारा छापत होता.

पाबा गेलं, त्याची जागा दुसऱ्यांनी घेतली. बेंझोफेनोन-३, म्हणजे ऑक्सिबेंझोन, हे त्यातलं मोठं नाव. त्याचंही तेच झालं. अमेरिकेतल्या कॉन्टॅक्ट डर्मटायटिसच्या डॉक्टरांची संघटना दर वर्षी एका पदार्थाला ‘ॲलर्जन ऑफ द इयर’ ठरवते. २०१४ साली तो मान ऑक्सिबेंझोनच्या बेंझोफेनोन कुळाला मिळाला. प्रवाळाला त्रास होतो म्हणून हवाईने ते विकायला बंदी घातली, तो कायदा १ जानेवारी २०२१ला लागू झाला, पण ते वेगळं प्रकरण. मला यात दिसतं ते असं: जे रसायन कातडीत मुरून काम करतं, ते कुणाच्या ना कुणाच्या कातडीला खटकतंच. शंभर जणांना काही होत नाही, एकाचे डोळे सुजतात. तो एक माणूस मग माझ्या काउंटरवर येतो.

झिंक ऑक्साइड मुरत नाही. पाण्यात विरघळत नाही, वर बसून राहतं. आरशासारखं किरण परतवतं, असं मीही वीस वर्षं गिऱ्हाइकांना सांगत आले. ते तितकंसं खरं नाही. अतिनील किरण ते मुख्यतः स्वतःच शोषून घेतं, परतवतं थोडेच. अमेरिकेच्या एफडीएने २०१९ साली सगळ्या सनस्क्रीन-रसायनांची फेरतपासणी मांडली, तेव्हा सोळांपैकी दोनांनाच निर्धास्त म्हटलं: झिंक ऑक्साइड आणि टायटॅनियम डायऑक्साइड. दोन नापास, त्यात माझं पाबा. बाकीच्या बारांबद्दल ‘आणखी माहिती द्या’. म्हणजे ती वाईट ठरली असं नाही. अण्णांची माती मात्र पहिल्या फेरीत पास झाली.

मग लोक तीच का घेत नाहीत? पांढरं दिसतं म्हणून. १९९१च्या नोव्हेंबरात क्रिकेटमधली बंदी उठलेली दक्षिण आफ्रिका कोलकात्याला खेळली, ॲलन डोनाल्डने २९ धावांत ५ बळी घेतले, आणि त्यानंतरच्या वर्षांत नाका-गालाला पांढरं फासून धावत येणारा तो आमच्या गल्लीतल्या पोरांचा देव झाला. उन्हाळ्याच्या सुट्टीत पोरं दुकानात यायची, “काकू, डोनाल्डचं पांढरं आहे का?” मी त्यांना झिंक ऑक्साइडचं मलम द्यायचे. दोन रुपयांचं तोंडाला फासून कृष्णाघाटावर खेळायची. एकाचीही आई कधी तक्रार घेऊन आली नाही. नव्वदच्या दशकात झिंक इतकं बारीक दळायला लागले की ते पारदर्शक दिसू लागलं. डोनाल्डच्या रंगावर ते दिसेनासं झालं, आपल्या रंगावर मात्र राखाडी झाक उरलीच.

आपल्या रंगाचा विचारही उशिरा झाला. १९७५ साली हार्वर्डच्या थॉमस फिट्झपॅट्रिकने उन्हात कातडी कशी वागते त्यावरून तिचे प्रकार पाडले, ते चारच, आणि चारही गोऱ्यांचे. आपली मंडळी बसतात ते पाचवे-सहावे मागाहून जोडले. ट्यूबेवरचा तो एसपीएफचा आकडाही गोऱ्या कातडीवरच्या लालीवरून आलेला. फ्रान्झ ग्रायटर नावाचा ऑस्ट्रियन १९३८ साली पिझ बुइन शिखर चढताना भाजला, १९४६ साली त्याने हिमनदीचं क्रीम काढलं आणि १९७४ साली हा आकडा रूढ केला. तीस म्हणजे साधारण ९७ टक्के अडवतं, पन्नास म्हणजे ९८. पन्नासचं घेणाऱ्याला मी हे सांगते. तरी तो पन्नासचंच घेतो. आणि दोन्ही आकडे खरे होतात ते दर चौरस सेंटिमीटरला दोन मिलिग्रॅम जाडीचा थर दिला तर. आपण लावतो त्याच्या पाव-अर्ध्याने.

आपल्याकडच्या बायकांची खरी तक्रार लालीची नसतेच, वांगाची असते. वांग नुसत्या अतिनील किरणांनी नाही, डोळ्यांना दिसणाऱ्या उजेडानेही गडद होतो, आणि त्याला अडवतं ते लोखंडाचं ऑक्साइड. म्हणून आता ‘टिंटेड मिनरल’ सनस्क्रीन येतात: झिंक ऑक्साइड आणि त्यात रंगासाठी, उजेडासाठी आयर्न ऑक्साइड. किंमत वाचून अण्णांनी खल खाली ठेवला असता. जस्त आणि गंज, आमच्या गुलाबी बाटलीतलेच दोन पदार्थ. कृपा करून यावरून कॅलामाइन लोशन लावून उन्हात निघू नका. त्यातला गंज नावापुरता असतो, थर वाळून भुकटी होतो आणि झडतो. सनस्क्रीनमध्ये तोच पदार्थ एकसंध बसून राहावा, यातच सगळं कौशल्य आणि अर्धी किंमत आहे.

‘हायपोअलर्जेनिक’ या शब्दालाही माझ्या दुकानात भाव नाही. अमेरिकेत १९७५ साली एफडीएने ठरवलं की ज्याला हा शब्द छापायचाय त्याने तपासण्या करून दाखवाव्यात. सौंदर्यप्रसाधनांच्या कंपन्या कोर्टात गेल्या, १९७७ साली नियम रद्द झाला. तेव्हापासून शब्द ज्याचा त्याचा.

नोव्हेंबर ते एप्रिल आमच्याकडे बीडकडची ऊसतोड माणसं येतात, कारखान्याभोवती कोप्या पडतात. दोन वर्षांमागे त्यातली एक बाई आली, गालावर लाल चट्टे. “तोंडाची आग व्हायलीया बाई.” पोरीने मोबाइलवर बघून कुठलंसं सुगंधी क्रीम आणलं होतं, तिने ते लावून फडात दिवस काढला होता. मी तिला गुलाबी बाटली दिली आणि ते क्रीम बंद कर म्हटलं. पण माझं लक्ष तिच्या अंगाकडे होतं. साडीवर नवऱ्याचा पूर्ण बाह्यांचा शर्ट, मनगटाशी बटण लावलेलं, डोक्याला टॉवेल, पदर हनुवटीखालून फिरवून खोचलेला. त्या शर्टाखाली तिचे हात माझ्या हातांपेक्षा नितळ होते. मी शर्टाचं कौतुक केलं तर म्हणाली, “ह्ये उन्हासाठी न्हाई बाई, पाचटासाठी. न्हाईतर हात कापत्यात.” शर्ट पाचटासाठीच असेल, पण त्या सर्जन होमच्या काळ्या कापडाचं काम तोही करतो. ऑस्ट्रेलियात १९८१ साली उन्हाविरुद्धची मोठी मोहीम निघाली, तिच्या घोषणेत क्रम असाच आहे: आधी शर्ट चढवा, मग क्रीम फासा, मग टोपी घाला. क्रीमचा नंबर दुसरा. पुण्याच्या स्कूटीवरच्या मुली तोंडाला स्कार्फ गुंडाळतात त्यावर लोक विनोद करतात; मला त्यात हसण्यासारखं काही दिसत नाही.

तर ते अर्धं मिनिट. ट्यूब उलटी करा, पुढचं सोडून मागचं वाचा. झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइड असेल आणि ‘फ्रॅग्रन्स’, ‘परफ्यूम’ नसेल तर निम्मं काम झालं. मिथाइलआयसोथायझोलिनोन हे लांबलचक नाव दिसलं तर परत ठेवा. ऑक्सिबेंझोनच्या आदल्याच वर्षी ‘ॲलर्जन’चा मान त्याला मिळाला होता. केसांचा डाय बाधत असेल तर मला आधी सांगा. घेतलेली ट्यूब चेहऱ्याला लावायच्या आधी कोपराच्या आतल्या बाजूला सकाळ-संध्याकाळ आठवडाभर लावा, आणि त्यातले काही दिवस तो हात उन्हात न्या, कारण काही रसायनं ऊन लागल्यावरच खोडी काढतात. एवढं करूनही पुरळ उठलंच, तर रागाने ट्यूब फेकू नका. खोका नको, ट्यूबच घेऊन या. डॉक्टरांना पॅच टेस्टसाठी मागची यादी लागते, आणि माझी १९८४ची ट्यूब गणपतीपुळ्याच्या वाळूत कुठे गेली ते कुणालाच माहीत नाही.